कंबरदुखी आणि उलटे टांगण्याचा इतिहास

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीला दत्ताची राजधानी म्हणतात. या दत्ताच्या नावावर 'दत्तात्रेययोगशास्त्र' नावाचा एक छोटा संस्कृत ग्रंथ आहे. अभ्यासक त्याचा काळ सुमारे तेरावे शतक मानतात. हठयोगाची शिकवण त्याच नावाने देणाऱ्या सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यात विपरीतकरणी सांगितली आहे : डोके खाली, पाय वर. पहिल्या दिवशी क्षणभर, मग रोज थोडे थोडे वाढवत प्रहरभर. याचे फळ काय, तर सुरकुत्या आणि पांढरे केस जातात, काळावर जय मिळतो. कंबरदुखीचा त्यात संबंध नाही.

आज तीच स्थिती विकत मिळते. लोखंडी चौकटीत मधोमध आसावर फिरणारी फळी असते. घोटे अडकवायचे, हात वर न्यायचे, की फळी कलंडते आणि माणूस उलटा होतो. किंमत काही हजार रुपये. वाडीभोवतालच्या ऊसपट्ट्यात मोळ्या उचलणाऱ्यांना, आणि दिवसभर फळ्यासमोर उभे राहणाऱ्या आपल्या शिक्षकांनाही, कंबरेत उसण भरणे नवे नाही. तेव्हा हे टेबल घ्यावे का, हा प्रश्न घरोघरी निघू शकतो. तो सोडवण्यापूर्वी थोडे मागे जाऊ या. कारण उलटे होण्याची कृती फारशी बदललेली नाही. ती का करायची याचे कारण मात्र प्रत्येक काळाने नवे दिले आहे.

हठयोग्यांचे कारण असे होते : टाळूजवळच्या चंद्रातून अमृत पाझरते, नाभीजवळचा सूर्य ते जाळून टाकतो, म्हणून माणूस म्हातारा होतो. शरीर उलटे केले की सूर्य वर आणि चंद्र खाली येतो, अमृत वाचते. आज आपण हे मानणार नाही. पण त्या कल्पनेच्या चौकटीत हा विचार अगदी सुसंगत आहे, हे मान्य करावे लागेल.

पाठीसाठी उलटे टांगण्याची गोष्ट ग्रीसमध्ये सापडते. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० मध्ये, हिपोक्रेटिसच्या नावे असलेल्या सांध्यांवरील ग्रंथात, पाठीला कुबड आलेल्या माणसाला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून सोडण्याचा उपाय वर्णिलेला आहे. कुबड खालच्या भागात असेल तर डोके खाली, मानेजवळ असेल तर पाय खाली. खाली लोंबणारे वजन जास्त असेल तिकडून ओढ अधिक लागते, हे यंत्रशास्त्र लेखकाला चांगले कळले होते. ज्याने ही युक्ती प्रथम काढली त्याचे तो कौतुकही करतो. पण पुढे तो स्पष्ट लिहितो की या उपायाने कोणी सरळ झालेला आपल्याला माहीत नाही, आणि वैद्य हा प्रकार मुख्यतः बघ्यांना थक्क करण्यासाठी करतात. कल्पना चतुर आहे, म्हणून ती गुणकारी आहे असे तो धरत नाही. चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आम्हांला त्या शिडीपेक्षा मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात या आसनांना प्रयोगशाळेत नेले ते स्वामी कुवलयानंदांनी. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. नौलीच्या वेळी पोटातील दाब मोजणे, क्ष-किरणांनी आतड्याची स्थिती पाहणे असे प्रयोग तेथे झाले. सर्वांगासनाचा लाभ त्यांनी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीशी जोडला. अमृताची जागा ग्रंथींनी आणि रक्ताभिसरणाने घेतली. १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुढे भिंतीतील दोरांच्या आधाराने डोके जमिनीला न टेकवता उलटे लोंबण्याची पद्धत रूढ केली. त्यात मानेवर भार येत नाही.

मणक्यांमधील गादीची भाषा तर याहूनही नवी. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले की सरकलेली गादी मज्जातंतूवर दाबली की पायात कळ जाते. त्यानंतर मणके ओढून फट वाढवली तर गादी मागे जाईल, ही कल्पना पुढे आली. रुग्णालयात कंबरेला 'वजन लावून' झोपवणे, म्हणजेच ट्रॅक्शन, यालाही हाच आधार मिळाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत घोट्यांना बूट अडकवून दांड्याला उलटे लटकण्याची लाट आली. आजचे टेबल त्याच घराण्यातले.

आता ओढ किती लागते ते पाहू. माणूस ६० किलोचा धरा. कंबरेच्या वरचा भाग ढोबळमानाने निम्मा, म्हणजे ३० किलो. पूर्ण उलटे झाल्यास तेवढी ओढ कंबरेला बसेल. फळी आडव्यापासून ३० अंश कलली असेल तर साइनच्या हिशेबाने १५ किलो, ६० अंशांना सुमारे २६. यातून पाठ आणि फळी यांमधील घर्षण वजा करायचे. कमी कोनात घर्षणच ओढीचा मोठा वाटा खाते. (अकरावीच्या वर्गाला हे उदाहरण घालण्याजोगे आहे.) शिवाय स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उताणे पडल्यावर तो उभ्या स्थितीच्या सुमारे चौथाईवर आला. हा लाभ सतरंजीवरही मिळतो.

ओढ बसते हे खरे. पण दुखणे बरे होते का? २०१३ साली कॉक्रेन संस्थेने ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २,७६२ रुग्ण होते. दुखणे, हालचाल, कामावर परतणे यांत ट्रॅक्शनमुळे फारसा फरक दिसला नाही. उलट्या टेबलाच्या बाजूने सांगण्याजोगी एक चाचणी इंग्लंडमधील न्यूकॅसलची, २०१२ ची. गादीमुळे शस्त्रक्रिया सांगितलेल्यांपैकी टेबल वापरणाऱ्या १३ जणांत १० जणांची शस्त्रक्रिया टळली. केवळ व्यायामोपचार घेणाऱ्यांत दोघांचीच. आकडा मोहक आहे, पण माणसे मूठभर, आणि कोणाला काय मिळते हे रुग्णांना दिसत होते. एवढ्यावर घरोघरी टेबल घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत, हिंडतेफिरते राहिल्यास, आपोआप कमी होते; त्या काळात जे काही केले असेल त्याला श्रेय मिळते.

धोके मात्र मोजलेले आहेत. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ मध्ये ७५ योगाभ्यासींना तपासले. शीर्षासनात डोळ्यांतील दाब दुप्पट झाला होता. म्हणून काचबिंदू, उच्च रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी या वाटेला जाऊ नये. पाय बधिर होणे, त्यातील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे असे काही असेल, तर टेबलाचा विचार बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. हे काही नसेल, डॉक्टरांची हरकत नसेल आणि कोणाकडे टेबल असेलच, तर सोबतीला माणूस ठेवून, थोड्या कोनात, दोन-एक मिनिटे वापरून पाहायला आमची ना नाही. विकत घेण्याचे पैसे मात्र आम्ही राखून ठेवू.

गादीवरचा भार विद्यार्थ्यांना दाखवायचा असेल तर टेबल लागत नाही. भिंतीवर मोजपट्टी चिकटवा, सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी अनवाणी उंची मोजायला सांगा, आठवडाभर नोंदी ठेवा. सायंकाळी सुमारे एक सेंटिमीटर उंची कमी भरते, आणि रात्रीच्या झोपेत ती परत येते.