२,३५० अक्षरांची यादी

कोरियाच्या हंगुल लिपीबद्दल वाचताना मी दरवेळी एका आकड्यापाशी अडखळतो: २,३५०.

राजा सेजोंगने १४४३ साली ही लिपी तयार केली आणि १४४६ साली ती प्रजेला दिली. चिनी अक्षरं न शिकलेल्या सामान्य माणसालाही मनातलं लिहिता यावं, एवढाच हेतू. मोजकी व्यंजनं आणि मोजके स्वर एका चौकोनात रचले की झालं अक्षर! आजच्या हिशेबाने सुरुवातीची व्यंजनं १९, स्वर २१, आणि शेवटी २७ पैकी एक व्यंजन किंवा काहीच नाही, म्हणजे २८ पर्याय. गुणाकार करून पाहा: ११,१७२.

मग संगणक आला. १९८७ च्या कोरियन मानकात जागा होत्या ९४ गुणिले ९४, म्हणजे ८,८३६. त्यातल्या ४,८८८ चिनी अक्षरांना गेल्या. हंगुलची जास्त वापरातली २,३५० अक्षरं निवडली, बाकीची दाराबाहेर! गंमत म्हणजे 'त्तोमबांगगाखा' या टीव्ही मालिकेच्या नावातलं पहिलंच अक्षर यादीत नव्हतं. मालिकेचं एक वेळ ठीक, पण ज्याच्या स्वतःच्या नावात असं अक्षर असेल, त्याने काय करावं?

१९९१ च्या युनिकोडनेही तीच २,३५० अक्षरं घेतली. १९९३ मध्ये ती ६,६५६ झाली. शेवटी १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळीच्या सगळी ११,१७२ अक्षरं नव्या जागी क्रमाने मांडली गेली. आता क्रमांक गणिताने निघतो. 'हान' घ्या: 'ह' १८ वा, 'आ' शून्यावा, शेवटचा 'न' चौथा. (१८ × २१ + ०) × २८ + ४, त्यात ४४,०३२ मिळवा, उत्तर ५४,६२०. पण जागा हलल्यामुळे जुन्या क्रमांकांनी साठवलेला मजकूर निकामी झाला. तेव्हा युनिकोडचा वापरच कमी, म्हणून निभावलं. पुढे नियमच झाला, की एकदा दिलेली जागा कधीही बदलायची नाही.

आपली देवनागरी युनिकोडमध्ये आली ती १९८८ च्या भारतीय 'इस्की' मानकावरून. तिथे जोडाक्षरं मोजलीच नाहीत. सुटे वर्ण आणि हलन्त दिला, जोडणं आपल्यावर सोडलं. म्हणून 'कार्त्स्न्य' लिहायला कुठल्या यादीची परवानगी लागत नाही.

सेजोंगनेही सुटे भागच दिले होते. यादी करणाऱ्यांनी वापर मोजला, आणि मला वाटतं, चूक तिथेच झाली. क्वचित लागणारं अक्षर कुणाला तरी रोज लागतं... सही करताना.