रॅपमधलं गाव

गोंधळात आधी बोलावणी होतात. संबळ घुमतो, तुणतुणं लागतं आणि तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशी एकेका दैवताला गावासकट हाक जाते. नुसतं ‘देवी’ म्हणून भागत नाही, ठाणं सांगावं लागतं. आमचं राणीसावरगाव रेणुकेचं गाव, त्यामुळे इथल्या कानाला ही रीत वेगळी समजावून द्यायला नको.

रॅपवाल्यालाही स्वतःचं नाव आणि वस्ती घेतल्याशिवाय चैन पडत नाही. त्याची ही खोड न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. 11 ऑगस्ट 1973 ला सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या पोराने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. अशा पार्ट्यांत माइकवरून जमलेल्यांची नावं पुकारली जात. त्या पुकाऱ्याला यमक जुळत गेलं.

पण नाव पुकारणं वेगळं आणि वस्तीचं चरित्र मांडणं वेगळं. हे दुसरं काम नव्वदीतल्या अल्बमांनी पुरतं केलं. 1992 मध्ये डॉ. ड्रे याच्या ‘द क्रॉनिक’ने लॉस एंजेलिसचा परिसर जगभर ऐकवला. पुढच्याच वर्षी वू-टँग क्लॅनने स्टेटन आयलंडला कुंगफू सिनेमातलं ‘शाओलिन’ हे नाव दिलं. 1996 मध्ये आउटकास्टने आपल्या अल्बमच्या नावातच अटलांटा गोवलं.

माझं मन मात्र नास या रॅपरच्या ‘इलमॅटिक’ अल्बमपाशी थांबतं. 19 एप्रिल 1994 ला तो आला तेव्हा नास अवघा वीस वर्षांचा होता. क्वीन्सब्रिज ही सरकारी घरांची अवाढव्य वसाहत, तिथलं त्याचं लहानपण. अल्बममध्ये दहाच तुकडे, चाळीस मिनिटंसुद्धा नाहीत. एक गाणं तर तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रंच आहेत. कोण पकडला गेला, कोणाचं मूल कसं दिसतं, गल्लीत काय चाललंय, अशी घरची खबर तो देतो. एका बापुड्या वस्तीची बारीकसारीक नोंद हेच काव्य, असं त्या पोराने ठासून दाखवलं.

अशी बारीक नोंद आमच्याकडेही आहे. गंगाखेड आमचा तालुका, संत जनाबाईचं गाव. दळण, कांडण, केरवारा तिने अभंगात आणला आणि शेवटी स्वतःचं नाव ठेवलं. तरी या साम्याला वंश म्हणू नये. क्वीन्सब्रिजला गंगाखेड ठाऊक नव्हतं. रॅप आपल्याकडेच जन्मला म्हणणाऱ्यांची माया मला कळते, पण खोटी वंशावळ लावली की खरी वाट दिसेनाशी होते.

खरी वाट मुंबईवरून आली. 1992 मध्ये बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने रॅपची चाल घरोघरी नेली. चाल आली, गाव आलं नाही. त्याला वीस वर्षं लागली. 2013 मध्ये अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरने ‘ये मेरा बॉम्बे’ म्हटलं, 2015 मध्ये कुर्ल्याच्या नेझीबरोबर ‘मेरे गली में’ केलं. 2019 च्या ‘गली बॉय’ या सिनेमाच्या निर्मात्यांच्या यादीत खुद्द नासचं नाव होतं, आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील कंपनीने भारतात पाऊल टाकलं ते डिव्हाइनला घेऊन. क्वीन्सब्रिजची खिडकी थेट मुंबईच्या गल्लीत उघडली होती.

मराठीतही 2019 हे वर्ष मोलाचं. स्वदेशी या गटाच्या एमसी मवालीने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. तिथे आदिवासी पाडा स्वतःच बोलायला उभा राहिला. पुढे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने वऱ्हाडी बाज घेऊन टीव्हीच्या मंचावर गेला.

आता मला आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं ऐकायचं आहे. दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं, दाराला लागलेलं कुलूप, ओसरीवर मागे राहिलेली आजी आणि तिच्याजवळ शाळेसाठी ठेवलेलं पोर. त्या पोराने माइक हातात घ्यावा आणि आधी गावाचं नाव घ्यावं.