चाकाबाहेरचा पत्रा

जीपचा इतिहास सांगताना लोक इंजिनाबद्दल बोलतात, लढायांबद्दल बोलतात. मी आज चाकावरच्या पत्र्याबद्दल बोलणार आहे. रुंद टायर बसवलेली जीप तुम्ही पाहिली असेल, तर चाक झाकण्यासाठी बाहेर काढलेली लोखंडी कमानही पाहिली असेल. शौकीन मंडळी तिला फेंडर फ्लेअर म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र 'मडगार्ड रुंद करून द्या' एवढंच म्हटलं की काम होतं.

सुरुवात १९४० सालची. अमेरिकेच्या लष्कराने त्या उन्हाळ्यात १३५ कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मागणी पाठवली. बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबरात पहिला नमुना दिला. त्याची पुढची मडगार्डं मोटारीसारखी गोलसर होती. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, त्यांची मडगार्डं मात्र सपाट. पाटासारखा आडवा पत्रा आणि पुढे खाली वळवलेली कड, संपलं. सैनिक त्यावर बसले, त्यावर नकाशे पसरले, जेवणाचे डबे ठेवले. खालचा टायर जेमतेम सहा इंच रुंद, त्यामुळे पत्राही तेवढ्याच बेताचा.

अमेरिकेत हा सपाटपणा फार टिकला नाही. १९५५च्या सीजे-५ने नागरी जीपला गोल मडगार्डं दिली. नंतर फोर्डची ब्राँको आली. तिच्या मागच्या चाकाची कमान इतकी तंग होती, की मोठा टायर घालायचा तर पत्रा कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बिल स्ट्रॉप आणि पार्नेली जोन्स यांनी ब्राँको घेऊन १९७१ आणि १९७२ साली मेक्सिकोतली बाहाची वाळवंटी शर्यत जिंकली. त्याच सुमारास स्ट्रॉप यांच्या कारखान्यातून कापलेल्या कमानींवर फ्लेअर लावलेल्या ब्राँको गिऱ्हाइकांना मिळू लागल्या. तिथून हा भाग कॅटलॉगातून मागवायची वस्तू झाला.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, आणि नंतर सीजे-३बी हा सपाट मडगार्डांचा नमुना इथे कित्येक दशकं चालू राहिला. अमेरिकेत जुनापुराणा झालेला आकार आपल्याकडे पोलिसांच्या, वनखात्याच्या आणि वडाप करणाऱ्यांच्या गाड्यांवर रोज दिसत होता. माझ्या मते आपल्याकडे हे काम हाताने करण्याची परंपरा टिकली, त्याचं मूळ इथे आहे. सपाट पत्रा कापायला साचा लागत नाही. कात्री, हातोडी, वेल्डिंग मशीन आणि नजर असलेला माणूस पुरतो. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपा पंजाब-हरियाणाकडे गेल्या आणि सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली हे गाव अशा जीपा नव्याने उभ्या करण्यासाठी देशभर माहीत झालं.

आता काम कसं होतं ते सांगतो. आधी टायर घालून चाक पूर्ण वर दाबून बघायचं आणि स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. उभ्या गाडीवर माप घेतलं, तर पहिल्याच खड्ड्यात टायर पत्र्याला घासतो. मग पुठ्ठ्याचा नमुना. तो मनासारखा बसेपर्यंत पत्र्याला हात लावायचा नाही. पत्रा सोळा किंवा अठरा गेजचा, म्हणजे साधारण दीड ते सव्वा मिलिमीटर. वरची सपाट पट्टी आणि बाहेरची उभी कड असे दोन तुकडे कापतात. कड कमानीत वळावी म्हणून जिथे गरज असेल तिथे कात देतात. जोडताना सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून पापडासारखा वाकतो, म्हणून आधी लांब-लांब टाके, ते थंड झाले की मधले. कड आत दुमडून गोल करतात किंवा तिच्यावर बारीक सळई जोडतात. हे शोभेसाठी नाही, उघडा पत्रा सुरीसारखा कापतो. शेवटी आतली बाजू. बाहेरच्या रंगाचं कौतुक सगळे करतात, गंज मात्र आतल्या सांध्यातून येतो, चिखल अडकून राहतो तिथून.

आणि आता अडचणीचा भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने थोडी ढील दिली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

मला हा नियम निव्वळ जाच वाटत नाही. शेजारून सायकलवर जाणाऱ्याच्या मांडीच्या उंचीवर धारदार लोखंड फिरत असेल, तर सरकारने बघायलाच हवं. पण मडगार्डाचं मूळ काम मागच्याच्या अंगावर खडे-चिखल उडू न देणं हे आहे. रुंद टायर उघडा ठेवणाऱ्यापेक्षा तो झाकणारा शहाणा. एकट्या डेंटरने घडवलेला भाग तपासून, पास करून घ्यायची सोपी वाट मात्र नाही. त्यामुळे चांगला कारागीर आणि टाकाऊ काम करणारा दोघेही एकाच रांगेत, आणि चांगल्याची मुलं दुसरा धंदा शोधतात.

२०२०ची थार पाहिलीत तर चाकांवर काळ्या प्लॅस्टिकच्या रुंद कमानी कंपनीतूनच बसवून येतात. त्या कायदेशीर आहेत, दिसायलाही बऱ्या. तुटली की डेंटरकडे न्यायची नाही, नवी मागवायची.