हॅमच्या माइकमधील घोगरा आवाज आणि अर्थिंगचा गैरसमज

प्रतिनिधी, अहिल्यानगर

हौशी रेडिओ केंद्र चालविणाऱ्या 'हॅम' मंडळींच्या वाट्याला हमखास येणारा एक अनुभव आहे. नवा ट्रान्सीव्हर टेबलावर मांडला जातो, गच्चीवर अँटेना ताणली जाते, पहिली हाक दिली जाते आणि पलीकडून उत्तर येते, 'संकेत जोरदार आहे, पण शब्द कळत नाहीत.' आवाज घोगरा आणि फाटलेला असतो. काही वेळा बोलण्याचे बटण सोडल्यावरही प्रक्षेपण थांबत नाही, तर काही वेळा माइकची धातूची जाळी ओठांना लागताच चटका बसतो. अशा वेळी जाणकारांकडून पहिला सल्ला मिळतो, तो 'अर्थिंग नीट करून घ्या' हा. मग अंगणात खड्डा खणला जातो, मीठ-कोळसा भरला जातो, तांब्याची तार खाली सोडली जाते. एवढे करूनही आवाज पुष्कळदा होता तसाच राहतो; क्वचित तो पूर्वीपेक्षा बिघडतोही.

याचे कारण असे की, 'अर्थिंग' या एकाच शब्दाने आपण दोन निरनिराळी कामे ओळखतो. पहिले काम विजेच्या धक्क्यापासून आणि आकाशातील विजेपासून संरक्षण करण्याचे. दुसरे काम रेडिओ लहरींच्या प्रवाहाला योग्य वाट देण्याचे. पहिल्या कामाला जमीन लागतेच. दुसऱ्याला ती लागतेच असे नाही. माइकमधील बिघाड शोधताना हा फरक ध्यानात ठेवला, तर निम्मे काम तेथेच होते.

मातीला दोष किती?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अर्थिंगची तक्रार नवी नाही. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. गोदावरी आणि प्रवरेच्या काठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि जमिनीत ठोकलेल्या सळईभोवतीची माती सुटते. पारनेर, संगमनेरच्या माळावर थोड्याशा मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. दोन्ही ठिकाणी चैत्र-वैशाखात जमिनीचा विद्युतरोध वाढतो, आणि म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची पद्धत रूढ आहे. वीजसुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. अर्थिंग कशी असावी, याबाबत 'आयएस ३०४३' हे भारतीय मानकही आहे.

मात्र घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, तर हॅमच्या ४० मीटर बँडवरील लहर सेकंदाला सुमारे ७० लाख. या वेगाला तांब्याची साधी तारही अडथळा ठरते. सरळ तारेचे इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री धरले, तर ३ मीटर तारेचा अडथळा ५० हर्ट्‌झला एका ओहमचा हजारावा भाग भरतो. हीच तार ७.१ मेगाहर्ट्‌झला सुमारे १३० ओहमचा अडथळा करते. टोकाला जमीन कितीही ओली असली, तरी हा अडथळा कमी होत नाही.

तिसऱ्या मजल्यावरील हॅम

शहरातील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट उदाहरणादाखल घेऊ. रेडिओपासून जमिनीतील सळईपर्यंत सुमारे साडेदहा मीटर तार सोडली आहे. ७.१ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ४२ मीटरच्या थोडी वर येते, म्हणजे ही तार बरोबर पाव लहरीएवढी झाली. पाव लहरीच्या तारेचा गुणधर्म असा की, एक टोक जमिनीला जोडले तर दुसरे टोक त्या लहरीपुरते जमिनीपासून जवळजवळ तुटल्यासारखे वागते. तेव्हा ज्या तारेने रेडिओ जमिनीला जोडला असे आपण मानतो, ती तार या बँडवर रेडिओला अधांतरी ठेवते. वर अँटेनाशेजारी उभी असल्याने ती लहरीही शोषून घेते.

आता हाच हॅम १४.२ मेगाहर्ट्‌झवर गेला, की तीच तार अर्ध्या लहरीएवढी होते आणि जमिनीचा संपर्क पुन्हा 'दिसू' लागतो. तक्रार एका बँडवर असते आणि दुसऱ्यावर नसते, ती बहुधा अशाच कारणाने. व्यत्यय बँडनुसार बदलत असेल, तर संशय मातीवर न घेता तारांच्या लांबीवर घ्यावा.

याचा पडताळा जिल्ह्यातच घेता येतो. अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरून हातातील वायरलेस संचावर बोलणाऱ्याला कोणतीही अर्थिंग नसते. उडत्या विमानातील रेडिओला आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हॅम केंद्रालाही ती नसते. तरीही आवाज स्वच्छ येतो.

माइकपर्यंत लहर पोहोचते कशी?

१०० वॅटचा संच ५० ओहमच्या केबलवर सुमारे ७० व्होल्टचा दाब निर्माण करतो. माइकमधून येणारा संकेत मात्र अवघ्या काही मिलीव्होल्टचा असतो. या ७० व्होल्टचा दहा हजारावा अंश जरी माइकच्या वायरीत शिरला, तरी तो बोलणाऱ्याच्या आवाजाशी बरोबरी करू लागतो. माइकच्या वर्धकातील ट्रान्झिस्टर या लहरीचे डायोडप्रमाणे एकदिशीकरण करतो, त्यातून ध्वनिसंकेत तयार होतो, तो पुन्हा प्रक्षेपित होतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. हे चक्र एकदा सुरू झाले, की शब्द हरवतात.

लहर आत शिरण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली वाट अँटेनाच्या केबलची. डायपोल अँटेनाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, पण कोॲक्सियल केबलच्या दोन बाजू सारख्या नसतात. त्यामुळे जोडणीच्या जागी काही प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरतो आणि थेट रेडिओच्या पेटीवर येतो.

दुसरी वाट अपुऱ्या अँटेनाची. एका टोकाने जोडलेली लांब तार अँटेना म्हणून वापरली आणि तिला जोडीची तार दिली नाही, तर रेडिओची पेटी, वीजपुरवठ्याची वायर आणि माइकची दोरी मिळून अँटेनाचा उरलेला अर्धा भाग बनतात. ओठांना चटका बसतो, तो याच प्रवाहाचा.

तिसरी वाट माइकच्या जोडणीतच असते. माइकच्या वायरीभोवतीची जाळी रेडिओच्या धातूच्या पेटीला थेट जोडलेली असावी, म्हणजे जाळीवरचा प्रवाह बाहेरच्या बाहेर निघून जातो. अनेक उपकरणांत ती आतल्या सर्किट बोर्डावरील ग्राउंडला जोडलेली आढळते. मग जाळीवरचा प्रवाह माइकच्या संकेताच्याच वाटेने जातो. ध्वनितंत्रज्ञ नील मन्सी यांनी १९९५ मध्ये या दोषाची सविस्तर मांडणी केली. व्यावसायिक माइकच्या तीन पिनी जोडणीत १ क्रमांकाची पिन जाळीची असते, म्हणून हा दोष 'पिन १ दोष' या नावाने ओळखला जातो.

आठ पिनी गोल जोडणीत आणखी एक खाच आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे सॉकेट दिसायला सारखेच असते, पण पिनांची वाटणी वेगळी असते. इकॉमच्या संचांत १ वर माइकचा संकेत, २ वर ८ व्होल्ट, ५ वर बोलण्याचे बटण, ६ वर बटणाची ग्राउंड आणि ७ वर माइकची ग्राउंड असते. बटणाची आणि माइकची ग्राउंड मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. घरी माइक जोडताना अनेक जण ती एकाच तारेत गुंडाळतात आणि व्यत्ययाला वाट करून देतात. दुसऱ्या कंपनीचा माइक वापरताना संचाच्या पुस्तिकेतील आकृती पाहिल्याखेरीज डाग लावू नये.

दोष शोधण्याचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहून ठेवावा. पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. आवाज ओळखावा. सतत एकसारखी गुणगुण असेल आणि शक्ती कमी केल्यावरही ती राहत असेल, तर तो वीजपुरवठ्याचा किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमुळे झालेल्या वळशाचा दोष समजावा. बोलतानाच आवाज फाटत असेल आणि शक्तीबरोबर तो वाढत असेल, तर रेडिओ लहरींचा व्यत्यय समजावा.

२. अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड लावावा. दोष नाहीसा झाला, तर लहर अँटेनाकडून येत आहे. दोष कायम राहिला, तर माइक, त्याची जोडणी, माइक गेन किंवा वीजपुरवठा तपासावा.

३. पुन्हा अँटेना लावून शक्ती १०० वॅटवरून १० वॅटवर आणावी आणि निरनिराळ्या बँडवर बोलून पाहावे.

४. संगणक, बाहेरचा स्पीकर, मोर्स की अशा साऱ्या जोडण्या काढाव्यात. रेडिओ, माइक आणि अँटेना एवढेच ठेवावे. मग एकेक वायर परत लावावी. ज्या वायरीबरोबर दोष परततो, ती गुन्हेगार.

५. शक्य असल्यास संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहावा. दोष गेला, तर लहर वीजपुरवठ्याच्या वायरीने येत होती.

६. संच बंद करून मल्टिमीटरने माइकची जाळी ते रेडिओची पेटी हा मार्ग तपासावा. सुटलेला डाग, गंजलेली पिन किंवा स्क्रूखालचा रंग एवढ्यानेही संपर्क तुटतो.

उपाय

उपाय उगमापासून करावेत. डायपोलच्या मध्याशी १:१ करंट बालन बसविला, की केबलच्या बाहेरून उतरणारा प्रवाह तेथेच अडतो. अँटेनाचे टोक रेडिओच्या खोलीपासून शक्य तितके दूर न्यावे. एका टोकाने जोडलेल्या तारेला पाव लहरीची जोडतार द्यावी; ४० मीटर बँडसाठी ती सुमारे साडेदहा मीटर भरते. ती जमिनीत पुरण्याची गरज नसते. प्रक्षेपण चालू असताना तिच्या मोकळ्या टोकावर उच्च दाब असतो, म्हणून ते झाकलेले आणि मुलांच्या हाताबाहेर असावे.

त्यानंतर माइकची दोरी फेराइटच्या कड्यातून घ्यावी. येथे वेढ्यांची संख्या महत्त्वाची. कड्यातून एकदाच गेलेल्या वायरीपेक्षा पाच वेढ्यांचा अडथळा ढोबळमानाने २५ पट होतो. जुन्या मॉनिटरच्या केबलवरील मणी नुसता चढवून ७ मेगाहर्ट्‌झवर फारसा गुण येत नाही, तो याच कारणाने. या बँडसाठी हॅम मंडळी ३१ क्रमांकाचे फेराइट पसंत करतात. कडे रेडिओच्या बाजूला, सॉकेटलगत असावे. वीजपुरवठ्याच्या व संगणकाच्या वायरींनाही हाच उपाय लागू पडतो.

शेवटी माइकच्या आत. संकेताची तार आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय शक्य तितके आखूड ठेवून, लावावा. ७ मेगाहर्ट्‌झला त्याचा अडथळा सुमारे ५० ओहम असतो, त्यामुळे लहर तेथून वळते. ३ किलोहर्ट्‌झच्या मानवी आवाजाला तो एक लाख ओहमच्या वर असल्याने आवाजावर परिणाम होत नाही. टेबलावरील सर्व पेट्या रुंद आणि आखूड तांब्याच्या पट्टीने एकमेकींना जोडाव्यात. संगणकाची ध्वनिजोडणी १:१ ट्रान्सफॉर्मरमधून घेतल्यास वळशाचा दोषही टळतो.

हे मात्र कधीही करू नये

गुणगुण थांबविण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची युक्ती काही जण सांगतात. तिने गुणगुण कधी कधी थांबतेही. मात्र वीजपुरवठ्यात बिघाड होऊन पेटीवर २३० व्होल्ट आले, तर ते ओठांशी धरलेल्या धातूच्या माइकपर्यंत पोहोचतात. तिसऱ्या पिनेचे काम त्या क्षणी फ्यूज उडविण्याचे असते. माइकचा आवाज सुधारण्यासाठी जिवाची ही राखण काढून घेणे हा शुद्ध अविचार होय.

रेडिओसाठी वेगळी सळई ठोकली, तर ती इमारतीच्या मूळ अर्थिंगला जोडलेली असावी. जवळपास वीज पडल्यास दोन वेगळ्या सळयांमध्ये मोठा दाबफरक निर्माण होतो आणि त्याची वाट रेडिओतून जाते. पाण्याच्या नळाला अर्थिंगची तार बांधण्याची जुनी सवयही सोडावी, कारण आता बहुतेक नळ प्लॅस्टिकचे असतात. गॅसच्या नळीला तर हातही लावू नये. पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर प्रक्षेपण बंद करून आधी वीजतंत्रज्ञाला बोलवावे.

स्वच्छ आवाजाचे मोल

हौशी रेडिओ हा परीक्षा देऊन आणि दूरसंचार विभागाचा परवाना घेऊन जोपासायचा छंद आहे. तो एरवी चार भिंतींत राहतो, पण आपत्ती आली की त्याचे मोल कळते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर हॅम मंडळींनी संदेशवहनाला हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी अंदमानातील लोकांची खुशाली मुख्य भूमीपर्यंत पोहोचविली.

अशा संदेशात गावाचे नाव, माणसांचा आकडा, औषधाचे नाव असते. घोगऱ्या आवाजात 'सात' आणि 'साठ' यांतला फरक उरत नाही. म्हणून माइकची जोडणी तपासण्याचे काम संकटाच्या दिवसासाठी राखून ठेवता येत नाही. डमी लोड, मल्टिमीटर, फेराइटचे एक कडे आणि रविवारची एक दुपार एवढ्यावर ते आजच उरकता येते. अंगणातल्या खड्ड्यात पाणी जरूर घालावे. ते घरातल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी आहे. आवाजाचे दुखणे मात्र टेबलावरील वायरींत आणि गच्चीवरील अँटेनात शोधावे.