मँचेस्टरची सुटीच्या दिवसाची शर्यत

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातले मँचेस्टर हे एकेकाळी रेशीम गिरण्यांसाठी ओळखले जाणारे गाव. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, तिथे १९२७ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावरची शर्यत झाली. १९३०च्या दशकाच्या मध्यात ती बंद पडली आणि १९४५ मध्ये पुन्हा सुरू झाली. अंतर ४.७४८ मैल, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. सुरुवात आणि शेवट मेन स्ट्रीटवरच. मधली हायलंड स्ट्रीटची लांब चढण मात्र धावपटूंचा दम काढते. १९३२च्या ऑलिंपिकमधील स्टीपलचेसचे कांस्यपदक विजेते जो मॅकक्लस्की याच गावचे.

या शर्यतीचे खरे मोल १९६१ मध्ये दिसले. त्या काळी अमेरिकेत स्त्रियांना लांब पल्ल्याच्या रस्ता-शर्यतींत अधिकृत प्रवेश नव्हता. एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी ज्युलिया चेस आणि आणखी दोघी तरीही धावल्या. ज्युलियाने अनेक पुरुषांना मागे टाकले, पण तिची वेळ अधिकृत निकालात धरली गेली नाही. हा उघड अन्यायच होता. पुढे बॉस्टन मॅरेथॉनचे १९६८चे विजेते अँबी बरफूट यांनी मँचेस्टरची शर्यत नऊ वेळा जिंकली. आता तिथे दरवर्षी हजारो स्त्री-पुरुष धावतात.