हायब्रीड मोटार : पाच आसनांची की सात?

घरात नवी मोटार घेण्याचा विषय निघाला, की पहिली चर्चा रंगते ती 'ॲव्हरेज'ची. महाराष्ट्रात २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून या चर्चेत हायब्रीड मोटारींचे नाव हमखास येऊ लागले. मात्र हायब्रीड घ्यायची हे नक्की झाले, तरी खरा पेच पुढेच असतो. शहरात सहज वळणारी पाच आसनांची गाडी घ्यावी, की आजी-आजोबांसह सारे कुटुंब सामावून घेणारी सात-आठ आसनांची? या निवडीतही बहुतेक कुटुंबे इंधनाचाच हिशेब मांडतात. वास्तविक इथे इंधन हा दुय्यम मुद्दा आहे.

पर्याय कोणते?

हायब्रीड मोटारींचे युग सुरू झाले ते डिसेंबर १९९७ मध्ये. टोयोटाने जपानच्या बाजारात 'प्रायस' आणली. भारतात होंडाची 'सिव्हिक हायब्रीड' २००८ मध्ये, तर 'प्रायस' २०१० मध्ये दाखल झाली. पण परदेशातून आयात होणाऱ्या या गाड्यांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्यापलीकडच्या होत्या. चित्र पालटले ते २०२२ मध्ये. त्या वर्षी टोयोटाची 'अर्बन क्रूझर हायरायडर' आणि तिचीच भावंड असलेली मारुती सुझुकीची 'ग्रँड व्हिटारा' बाजारात आली. वर्षअखेरीस टोयोटाने 'इनोव्हा हायक्रॉस' सादर केली आणि २०२३ मध्ये मारुतीने तीच गाडी 'इन्व्हिक्टो' या नावाने आणली. कुटुंबासाठी 'लहान की मोठी' हा प्रश्न प्रामुख्याने या दोन जोड्यांमधला आहे.

नावावर जाऊ नका

'हायब्रीड' या एका शब्दामागे दोन निरनिराळी तंत्रे आहेत. 'माइल्ड हायब्रीड'मध्ये छोटी विद्युत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते; ती एकटी गाडी हलवू शकत नाही. 'स्ट्राँग हायब्रीड'मध्ये मात्र कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी निव्वळ विजेवर धावते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवली जाते; ही बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. 'हायरायडर' आणि 'ग्रँड व्हिटारा' या दोन्ही गाड्या माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही प्रकारांत आल्या, तर 'हायक्रॉस'च्या प्राथमिक श्रेणी साध्या पेट्रोल इंजिनाच्या आहेत. त्यामुळे नोंदणीपूर्वी नेमकी श्रेणी लेखी विचारून घ्यावी.

या तंत्राचा खरा लाभ सिग्नल, कोंडी आणि थांबत-थांबत पुढे सरकणाऱ्या वाहतुकीत मिळतो. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनच काम करीत असल्याने बचत घटते. ज्यांची गाडी बहुतांश महामार्गावर धावणार आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

इंधनाचा हिशेब

लहान जोडीत दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, मोठीत दोन लिटरचे चार सिलिंडरचे. प्रमाणित चाचणीनुसार लहान स्ट्राँग हायब्रीड लिटरमागे २७.९७ कि.मी., तर मोठी २३.२४ कि.मी. धावते. वर्षाला १५ हजार कि.मी. प्रवास गृहीत धरल्यास लहान गाडीला सुमारे ५३६ लिटर, तर मोठीला ६४५ लिटर पेट्रोल लागेल. फरक १०९ लिटरचा. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर वर्षाकाठी जवळपास ११ हजार रुपये, म्हणजे महिन्याला हजाराच्याही आत. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे पाचव्या हिश्श्याने घसरले, तरी हा फरक १४० लिटरच्या पुढे जात नाही. सात आसने वाहणारी गाडी पाच आसनांच्या गाडीपेक्षा इतकेच जास्त इंधन घेते, ही हायब्रीड तंत्राची किमया म्हणावी लागेल.

खर्च दडला आहे कुठे?

खरी तफावत खरेदीच्या किमतीत आहे आणि ती कित्येक लाखांची आहे. निवडलेल्या श्रेणींमध्ये सहा लाखांचा फरक आहे आणि तो नऊ टक्के व्याजाच्या पाच वर्षांच्या कर्जातून भरायचा आहे, असे मानू. पहिल्याच वर्षी या वाढीव रकमेवर सुमारे ५० हजार रुपये व्याज जाईल. इंधनाच्या फरकापेक्षा हे चौपटीहून अधिक आहे.

वस्तू व सेवा कराने या दोघींत भेद केलेला नाही. पूर्वी दोन्हींवर उपकरासह ४३ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. महाराष्ट्रातील वाहन कर मात्र किमतीनुसार चढतो. वैयक्तिक पेट्रोल मोटारीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के, तर त्यापुढे १३ टक्के कर आहे. विम्याचा हप्ताही गाडीच्या किमतीबरोबर वाढतो.

जागा मोजून घ्या

'हायरायडर'ची लांबी ४.३६५ मीटर, 'हायक्रॉस'ची ४.७५५ मीटर. हा ३९ सेंटीमीटरचा फरक शोरूममध्ये जाणवत नाही, सोसायटीच्या वाहनतळात जाणवतो. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत लहान मोटारीसाठी ४.५ बाय २.३ मीटरची जागा धरली आहे. अशा जागेत लहान हायब्रीड मावते; मोठीचे नाक किंवा शेपूट रेषेबाहेर येते आणि शेजाऱ्यांशी रोजच्या कुरबुरीला निमित्त मिळते. यांत्रिक वाहनतळ असल्यास लांबी, उंची आणि वजन या तिन्हींची मर्यादा सोसायटीकडून आधीच तपासावी.

सामानाच्या बाबतीत लहान गाडीची बाजू लंगडी आहे. स्ट्राँग हायब्रीड श्रेणीत बॅटरी डिकीच्या तळाशी असल्याने तिथे सुमारे २६५ लिटर जागाच उरते. चौघांच्या आठवडाभराच्या बॅगा त्यात बसविणे कठीण. मोठ्या गाडीत सर्व आसने भरली असता डिकी फार मोठी राहत नाही. मात्र तिसरी रांग दुमडली, की सामानाला भरपूर जागा मिळते.

घरातील ज्येष्ठांचा विचार

दोन मुले, आई-वडील आणि आजी-आजोबा अशा सहा जणांच्या घरात लहान गाडी आली, की प्रत्येक वेळी कोणीतरी मागे राहते, आणि बहुधा 'तुम्ही जा, मला काही हौस नाही' असे म्हणणारी व्यक्ती घरातील सर्वांत वडीलधारी असते. हा तोटा कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. नोंदणीतील आसनसंख्येपेक्षा जास्त माणसे कोंबणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही. जास्तीच्या माणसाला सीटबेल्टच नसतो.

मोठी गाडी घेतली म्हणून प्रश्न आपोआप सुटतो असेही नाही. तिसऱ्या रांगेत शिरताना गुडघे आणि कंबर वाकवावी लागते, त्यामुळे तिथे मुलांनीच बसावे. सात आसनी प्रकारात मधली दोन आसने स्वतंत्र असून ती ज्येष्ठांना सोयीची ठरतात; आठ आसनी प्रकारात मधे सलग बाक असतो. चाचणी-फेरीला आजी-आजोबांना सोबत न्यावे आणि त्यांना स्वतः चढ-उतार करून पाहू द्यावी. सुरक्षिततेच्या बाबतीत 'हायक्रॉस'ला २०२५ मध्ये 'भारत एनकॅप' चाचणीत पाच तारे मिळाले. लहान गाडी घेतानाही एअरबॅगची संख्या आणि चाचणीचा अहवाल जरूर पाहावा.

निवड कशी करावी?

कागद घेऊन मागील वर्षाचे दिवस मोजावेत. पाचपेक्षा जास्त माणसे एकत्र प्रवासाला निघाली असे दिवस किती? हे दर आठवड्याला घडत असेल, आजोबांना नियमित रुग्णालयात न्यावे लागत असेल आणि सोबत मुलांनाही न्यावे लागत असेल, तर मोठ्या गाडीचा वाढीव खर्च सार्थकी लागतो. हे दिवस वर्षाला आठ-दहाच असतील, म्हणजे गणपतीला कोकणात जाणे, एखादे लग्न, दिवाळीची सहल, तर लहान हायब्रीड घेऊन त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घ्यावी. दीड हजार कि.मी. प्रवासाला किलोमीटरमागे २० रुपये भाडे धरले, तरी खर्च ३० हजारांचा होतो. वाढीव कर्जाच्या पहिल्या वर्षाच्या व्याजापेक्षा तो कमीच आहे.

वर्षाला पाच-सहा हजार कि.मी.च गाडी फिरणार असेल, तर हायब्रीडसाठी मोजलेली जादा किंमत वसूल होण्यास फार वर्षे लागतील. अशा कुटुंबांनी साध्या पेट्रोल गाडीचाही विचार करावा. बॅटरीची धास्ती मात्र बाळगण्याचे कारण नाही. टोयोटा हायब्रीड बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार कि.मी.ची हमी देते. जुनी हायब्रीड विकत घेताना ही हमी किती उरली आहे, हे आधी पाहावे.