सँ-त्रोपे: यॉट आणि सेलिब्रिटींच्या गर्दीपलीकडचं शांत गाव कुठे सापडतं?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सँ-त्रोपे म्हटलं की आलिशान यॉट, महागडे बीच क्लब आणि सेलिब्रिटींचे फोटो डोळ्यांसमोर येतात. पण हे मुळात मच्छीमार आणि खलाशांचं गाव. इथली कायमची वस्ती आजही जेमतेम चार हजारांच्या आसपास आहे. ते जुनं गाव पुसलं गेलेलं नाही; सकाळी लवकर उठून पायी फिरणाऱ्याला ते दिसतं.

ग्लॅमर आलं कुठून?

1892 मध्ये चित्रकार पॉल सिन्याक आपल्या शिडाच्या बोटीतून इथे आला आणि गावाच्या प्रेमात पडला. त्याच्या मागोमाग इतर चित्रकार येऊ लागले. 1904 च्या उन्हाळ्यात आंरी मातीसही इथे होता. जगभर बोलबाला झाला तो मात्र 1956 नंतर. ब्रिजित बार्दोच्या 'अँड गॉड क्रिएटेड वुमन' या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं, आणि मच्छीमारांचं गाव पाहता पाहता श्रीमंतांचं ठिकाण बनलं.

शांत बाजू कुठे आहे?

ला पाँश: मच्छीमारांची जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, गेरूच्या रंगाची घरं आणि शेवटी एक छोटीशी पुळण. मुख्य बंदर इथून काही मिनिटांवरच आहे.

आनोंसियाद संग्रहालय: सोळाव्या शतकातल्या प्रार्थनागृहात 1955 पासून हे संग्रहालय आहे. सिन्याक आणि मातीस यांची चित्रं बंदराच्या अगदी कडेला पाहायला मिळतात.

किल्ला: सतराव्या शतकातल्या या किल्ल्यात सागरी इतिहासाचं संग्रहालय असून त्यात गावच्या खलाशांची कहाणी मांडली आहे. खाली समुद्राला लागून गावाची दफनभूमी आहे.

प्लास दे लिस: चिनारच्या जातीच्या झाडांखालचा चौक. इथे गावकरी पेताँक हा धातूच्या गोळ्यांचा खेळ खेळतात. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो.

किनाऱ्याची पायवाट: तस्करीवर नजर ठेवणाऱ्या कस्टमच्या पहारेकऱ्यांची ही जुनी वाट आता सर्वांसाठी खुली आहे. खडक, पाइनची झाडं आणि छोट्या पुळणींमधून ती किलोमीटरच्या किलोमीटर जाते. सावली कमी असल्याने पाणी सोबत हवंच.

भारताशी काय नातं?

सँ-त्रोपेत 1785 मध्ये जन्मलेला जाँ-फ्राँस्वा आलार हा नेपोलियनच्या सैन्यातला अधिकारी. पुढे तो लाहोरला महाराजा रणजित सिंह यांच्या सैन्यात सेनापती झाला. त्याची पत्नी बन्नू पान देई चंबा भागातली. ती मुलांसह सँ-त्रोपेला येऊन राहिली. आलार मात्र लाहोरला परतला आणि 1839 मध्ये पेशावरला वारला. गावात तिच्या नावाची वास्तू असून आता तिथे हॉटेल आहे. 2016 मध्ये रणजित सिंह, आलार आणि पान देई यांचे पुतळेही इथे बसवण्यात आले.

कधी आणि कसं जावं?

जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते तुंबलेले असतात आणि गावात रेल्वे स्टेशन नाही. त्यामुळे सँ-राफाएलपर्यंत ट्रेनने जाऊन पुढे बस किंवा बोट घेणं सोयीचं. शांतता हवी असेल तर एप्रिल, मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. अपवाद 16 ते 18 मे. त्या दिवसांत 'ब्राव्हाद' या उत्सवात गावकरी जुन्या गणवेशात बंदुकांचे बार काढत संत त्रोपेची मिरवणूक काढतात. हा गोंगाट मात्र पर्यटकांसाठी नसतो.

शांततेची दुसरी बाजू

हिवाळ्यात बरीच दुकानं आणि हॉटेलं बंद असतात आणि कित्येक घरांच्या खिडक्या उघडतच नाहीत. सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांमुळे किमती आभाळाला भिडल्या आणि कायमची वस्ती गेल्या काही दशकांत घटली. त्यामुळे मंगळवारच्या बाजारात स्थानिक शेतकऱ्याकडून घेतलेली भाजी किंवा फळं ही नुसती आठवणीची खरेदी राहत नाही. वर्षभर तिथे राहणाऱ्यांचं गाव त्यावरही चालतं.